रेणू आणि त्याची जागा
(प्रस्तावना)

अकरावीच्या जीवशास्त्रात पेशीचे प्रकरण आणि जैवरेणूंचे प्रकरण पाठोपाठ येतात. पेशीच्या प्रकरणात आकृत्या असतात, अंगकांची नावे असतात. जैवरेणूंच्या प्रकरणात कर्बोदके, प्रथिने, मेद, न्यूक्लिक आम्ले, त्यांची सूत्रे आणि त्यांच्यातले बंध असतात. बहुतेक विद्यार्थी पहिले प्रकरण आकृती काढून पाठ करतात आणि दुसरे रसायनशास्त्राचा धडा म्हणून उरकतात. परीक्षेत दोन्हींवर वेगवेगळे प्रश्न येतात, त्यांची वेगवेगळी उत्तरे लिहिली जातात, आणि ही दोन्ही प्रकरणे एकाच गोष्टीविषयी बोलत होती हे लक्षात येण्याआधीच वर्ष संपते. हे पुस्तक ती दोन प्रकरणे एकत्र वाचण्यासाठी लिहिले आहे.

पेशी रेणूंची बनलेली असते हे सगळ्यांना ठाऊक असते, पण तेवढ्याने पेशी समजत नाही. एखाद्या पेशीतले सगळे रेणू त्याच प्रमाणात परीक्षानळीत एकत्र केले तरी त्यातून पेशी उभी राहत नाही. प्रत्येक रेणूला स्वतःचा आकार असतो, आणि पेशीत त्याची ठरलेली जागा असते. आकार बिघडला तर काम बिघडते, आणि आकार शाबूत असूनही जागा चुकली तरी काम बिघडते. पुढच्या सगळ्या प्रकरणांत मला हेच वेगवेगळ्या उदाहरणांतून दाखवायचे आहे.

ही समज यायला विज्ञानाला जवळजवळ तीनशे वर्षे लागली, कारण पेशीकडे जाणाऱ्या वाटा दोन होत्या आणि त्या बराच काळ एकमेकींना भेटल्याच नाहीत. पहिली वाट पाहणाऱ्यांची. रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि त्यांना रिकामे कप्पे दिसले. ते मेलेल्या पेशींच्या भिंती होत्या. त्यानंतर काही वर्षांतच डेल्फ्टच्या अंतोनी व्हान लेव्हेनहूक या कापड व्यापाऱ्याने स्वतः घासून तयार केलेल्या भिंगांतून पाण्यातले जिवंत सूक्ष्मजीव पाहिले. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राऊन यांनी ऑर्किडच्या पेशींमधल्या केंद्रकाचे वर्णन केले. १८३८ मध्ये श्लायडेन यांनी वनस्पतींविषयी आणि १८३९ मध्ये श्वान यांनी प्राण्यांविषयी सांगितले की सगळे शरीर पेशींचे असते. १८५५ मध्ये फिरशॉ यांनी पेशी पेशीपासूनच जन्मते हे ठामपणे मांडले. हे सगळे डोळ्यांनी पाहून कळले. पण प्रकाशावर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकाला एक मर्यादा आहे. साधारण ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू त्यातून वेगळे दिसत नाहीत. आपली तांबडी रक्तपेशी सुमारे ७ मायक्रोमीटरची असल्यामुळे ती स्पष्ट दिसते. तिच्यातले हिमोग्लोबिन जेमतेम ५ ते ६ नॅनोमीटरचे असते, त्यामुळे ते दिसणे शक्यच नाही.

दुसरी वाट रसायनशास्त्रज्ञांची. त्यांना रेणू हवा होता, आणि तो मिळवण्यासाठी पेशी फोडावी लागे. १८६९ मध्ये ट्युबिंगेन इथे फ्रीड्रिश मीशर यांनी जखमांच्या पट्ट्यांवरच्या पुवातल्या पांढऱ्या पेशी गोळा केल्या आणि त्यांच्या केंद्रकातून फॉस्फरसयुक्त पदार्थ वेगळा केला. डीएनएची माणसाशी झालेली ही पहिली ओळख. १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटून त्याचा रस काढला. त्या रसात एकही जिवंत पेशी नव्हती, तरीही त्याने साखर आंबवली. म्हणजे आंबवण्याचे काम करणारे रेणू पेशीबाहेरही काम करू शकतात हे सिद्ध झाले. १९२६ मध्ये जेम्स समनर यांनी युरिएज या विकराचे स्फटिक मिळवले आणि ते विकर प्रथिनच आहे हे दाखवले. या वाटेवर फार मोठे शोध लागले. मात्र घोटलेल्या पेशीत कोणता रेणू मुळात कुठे होता, हे कळायला काही साधन राहत नसे. पाहणाऱ्यांना जागा दिसत होती पण रेणू दिसत नव्हते; घोटणाऱ्यांच्या हाती रेणू लागत होते पण त्यांची जागा हरवत होती.

या दोन वाटा विसाव्या शतकाच्या मध्यावर एकत्र आल्या. आल्बेर क्लोद यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत यकृताच्या पेशी हलक्या हाताने फोडून तो लगदा सेंट्रिफ्यूजमध्ये वेगवेगळ्या वेगांनी फिरवला. जड केंद्रके आधी तळाशी बसली, मग तंतुकणिका, मग त्याहून बारीक कण. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तेच भाग आता डोळ्यांनाही दाखवले, आणि जॉर्ज पलाडी यांनी त्यातून रायबोझोमचे वर्णन केले. याच काळात बेल्जियममधल्या लुव्हेन इथे क्रिस्तियाँ द दूव उंदराच्या यकृतातल्या विकरांचे मापन करत होते. ॲसिड फॉस्फटेज या विकराची क्रिया ताज्या लगद्यात अपेक्षेपेक्षा फारच कमी आली. तोच लगदा काही दिवस फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा मोजला तर क्रिया भरपूर वाढलेली. विकर नव्याने तयार झाले नव्हते. ते आधीपासून होतेच, पण कोणत्या तरी पटलाच्या पिशवीत बंद होते, आणि पिशव्या फुटल्यावर बाहेर आले. १९५५ मध्ये या पिशव्यांना नाव मिळाले. आपण त्यांना लयकारिका म्हणतो. कोणी पाहण्यापूर्वी हे अंगक आकड्यांतून सापडले होते. क्लोद, द दूव आणि पलाडी यांना १९७४ मध्ये एकत्रच नोबेल मिळाले. लयकारिकेची व्याख्या पाठ करताना हा फ्रीजमधला लगदा आठवावा. प्रथिने तोडणारे विकर स्वतःच्याच पेशीला का तोडत नाही, या प्रश्नाचे उत्तर त्या पिशवीत आहे. जागा म्हणजे काय, याचे हे पहिले उदाहरण.

दुसरे उदाहरण आपल्या घरातले आहे, आणि त्यावर मी थोडा जास्त रेंगाळणार आहे. जुलाब झाले की आपण जलसंजीवनी देतो. मीठ, साखर, पाणी. हे मिश्रण इतके साधे वाटते की त्यामागे पेशीविज्ञान आहे अशी शंकाही येत नाही. कॉलऱ्याचा जंतू स्वतः आतड्याच्या पेशीत शिरत नाही. तो एक विष सोडतो. जंतू गाळून काढलेल्या द्रवातही हे विष असते आणि ते एकटेच आतड्यात पाणी साठवते, हे कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवले. हे विष आतड्याच्या अस्तरातल्या पेशीतला एक संदेश कायमचा चालू ठेवते. मग क्लोराइड आयन सतत बाहेर पडतात, त्यांच्यामागे सोडिअम आणि पाणी जाते, आणि माणूस काही तासांत सुकून जातो. अशा रुग्णाला नुसते पाणी पाजून उपयोग होत नाही. मिठाचे पाणी पाजूनही फारसा उपयोग होत नाही. असे का?

त्यासाठी पेशीपटल पाहावे लागते. मेदाच्या रेणूंचे दोन थर मिळून ते तयार होते. त्याची जाडी सात-आठ नॅनोमीटर, आणि मधला भाग तेलकट. सोडिअमसारखा विद्युतभारित आयन त्या तेलकट भागातून आपोआप जाऊ शकत नाही. त्याला प्रथिनाने बनलेला दरवाजा लागतो. आतड्याच्या पोकळीकडच्या बाजूला असे एक वाहक प्रथिन असते. ते सोडिअम आणि ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेते. दोघांपैकी एक नसेल तर दुसऱ्यालाही प्रवेश नाही. हे जोडवहन रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडले. पेशीच्या दुसऱ्या बाजूला, रक्ताकडे, सोडिअम-पोटॅशिअम पंप असतो. एटीपी खर्च करून तो दर फेरीत तीन सोडिअम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशिअम आत घेतो. त्यामुळे पेशीच्या आत सोडिअम नेहमी कमी राहतो आणि पोकळीकडून नवा सोडिअम आत येत राहतो. सोडिअमच्या मागे परासरणाने पाणी येते. कॉलऱ्याचे विष हे जोडवहन बंद पाडू शकत नाही. म्हणून मिठाबरोबर ग्लुकोज दिले की आजारी आतडेही पाणी शोषू लागते. आता कल्पना करा की ही दोन्ही प्रथिने तशीच आहेत, पण दोन्ही एकाच बाजूला बसली आहेत. मग आत घेतलेला सोडिअम त्याच बाजूने परत बाहेर टाकला जाईल आणि रक्तापर्यंत काहीच पोहोचणार नाही. रेणू बरोबर आणि जागा चुकीची, म्हणून काम शून्य.

१९७१ मध्ये बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथे निर्वासितांमध्ये कॉलऱ्याची साथ आली. शिरेतून द्यायचे सलाइन पुरेना. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात विरघळवून रुग्णांना पाजायला सुरुवात केली, आणि पाजण्याचे काम नातेवाइकांच्या हाती दिले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशिअम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडिअम सायट्रेट असते. रसायनशास्त्रात शिकलेली मोलची संकल्पना इथे वापरून पाहा. १३.५ ला ग्लुकोजच्या रेणुभाराने, म्हणजे १८० ने, भागा. उत्तर ७५ मिलिमोल येते. मीठ आणि सायट्रेट या दोन्हींमधला सोडिअम मोजलात तर तोही जवळजवळ ७५ मिलिमोलच भरतो. हा योगायोग नाही. त्या वाहक प्रथिनाला सोबत लागते, म्हणून पुडीतले प्रमाण असे बसवले आहे.

आकाराचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. विदर्भातल्या आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत सिकलसेल हा शब्द घराघरात माहीत असतो. हिमोग्लोबिनमध्ये प्रथिनाच्या चार साखळ्या असतात. त्यांपैकी दोन बीटा साखळ्यांत प्रत्येकी १४६ अमिनो आम्ले असतात. त्यातले सहावे ग्लुटामिक आम्ल असते. सिकलसेलमध्ये त्या जागी व्हॅलिन येते. १४६ पैकी एक, एवढाच फरक. तो व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये शोधला. त्याआधी १९४९ मध्ये लिनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांचे हिमोग्लोबिनच वेगळे असते हे दाखवले होते, आणि आजार रेणूचा असू शकतो ही कल्पना वैद्यकात रुजवली होती. ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो, त्यामुळे ते पाण्यात सुखाने राहते. व्हॅलिन पाण्यापासून दूर पळते. ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनच्या रेणूवर हे व्हॅलिन शेजारच्या रेणूतल्या खोबणीत जाऊन बसते, मग तिसरा रेणू चिकटतो, आणि लांब ताठ धागे तयार होतात. ते धागे रक्तपेशीला आतून ताणून विळ्यासारखी वाकवतात. एरवी सुमारे १२० दिवस जगणारी पेशी मग १० ते २० दिवसांतच नष्ट होते, आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून असह्य वेदना देते.

हे सगळे कुठून सुरू झाले? डीएनएमधल्या एका अक्षरातून. जीएजी या त्रिकाऐवजी जीटीजी. एका अक्षरापासून अमिनो आम्ल, तिथून प्रथिनाचा आकार, तिथून पेशीचा आकार, आणि शेवटी शाळा बुडवून कळवळत पडलेले मूल. ही साखळी तुम्ही एकदा नीट समजून घेतलीत, तर प्रथिनांची प्राथमिक आणि तृतीयक रचना का शिकायची हा प्रश्न पुन्हा पडणार नाही. गावातल्या तपासणी शिबिराला तुम्ही स्वतः जाल आणि इतरांनाही नेऊ शकाल. दोघेही वाहक असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता एक चतुर्थांश असते, हे कुणाला दोष न देता समजावून सांगू शकाल. विज्ञान शिकलेल्या मुलाकडून समाजाची इतकी अपेक्षा रास्तच आहे.

आकार आणि जागा दोन्ही एकत्र लागतात असे ठिकाण म्हणजे तंतुकणिका. तंतुकणिका पेशीचे ऊर्जाकेंद्र आहे, हे वाक्य सातवी-आठवीपासून तुमच्याबरोबर आहे. ती ऊर्जा कशी मिळते हे १९६१ मध्ये पीटर मिचेल यांनी सुचवले. अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन आतल्या पटलातल्या प्रथिनांच्या मालिकेतून पुढे सरकतात, त्या ओघात प्रोटॉन पटलाच्या एका बाजूला साचतात, आणि ते परत येताना एटीपी तयार होते. पटलाला भोक पडले तर सगळे विकर शाबूत असूनही एटीपी होत नाही. या मालिकेत इलेक्ट्रॉन नेणारे एक छोटे प्रथिन म्हणजे सायटोक्रोम सी. ते प्राण्यांत माहीत होते. वनस्पतींच्या पेशींतही ते असते, हे केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना कमला भागवत यांनी दाखवले आणि त्याच कामावर १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. त्याच पुढे कमला सोहोनी म्हणून ओळखल्या गेल्या. दुर्गाबाई भागवतांच्या त्या धाकट्या बहीण.

त्यांच्या शोधाचे महत्त्व मला फार वाटते. माणूस आणि बटाटा एकाच प्रकारच्या प्रथिनाने श्वसन करतात, याचा अर्थ ही यंत्रणा वनस्पती आणि प्राणी वेगळे होण्याच्याही आधीपासून आहे. पेशीच्या एकतेचा याहून बोलका पुरावा क्वचित मिळतो. आणि तो पुरावा देणाऱ्या बाईंना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आधी प्रवेश नाकारला गेला होता, कारण त्या स्त्री होत्या. त्या हटल्या नाहीत, प्रवेश मिळवला, आणि तिथे दूध व कडधान्यांमधल्या प्रथिनांवर काम केले. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी विद्यार्थ्यांसह नीरेचा अभ्यास केला आणि कुपोषित मुलांच्या आहारात तिचा काय उपयोग होईल ते तपासले. रेणूंचे विज्ञान ताटातल्या अन्नापर्यंत नेणारी ही परंपरा आपली आहे. हे पुस्तक वाचणाऱ्या मुलींनी तर ती हक्काने पुढे न्यावी.

आता पुस्तकाच्या मांडणीविषयी. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलांना अकरावीत विज्ञान एकदम इंग्रजीत येते आणि पहिले काही महिने विषयापेक्षा शब्दांशीच झुंजण्यात जातात. म्हणून इथे तुमच्या ओळखीचे मराठी शब्द ठेवले आहेत आणि जिथे इंग्रजी संज्ञा सगळीकडे रूढ आहे तिथे तीच घेतली आहे. प्रत्येक प्रकरण एका पेशीपासून सुरू होते आणि तिच्यातल्या रेणूंकडे जाते. आतड्याच्या अस्तराच्या पेशीतून पटल आणि मेद, रक्तपेशीतून प्रथिने, पानाच्या पेशीतून कर्बोदके आणि हरितलवक, विभाजन पावणाऱ्या मुळाच्या टोकातून न्यूक्लिक आम्ले. अभ्यासक्रमातला एकही मुद्दा सोडलेला नाही. क्रम तेवढा बदलला आहे.

वाचताना प्रत्येक रेणूला तीन प्रश्न विचारा. तो कुठे असतो? त्याचा आकार कसा आहे, आणि त्याला पाणी आवडते की नाही? तो कोणत्या रेणूला भेटतो? उत्तरे वहीत आकृती काढून लिहा. प्रयोग मात्र हाताने करा. उकडलेल्या आणि कच्च्या बटाट्याच्या फोडीवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाका. कच्च्या फोडीवर फेस येईल, उकडलेलीवर येणार नाही, कारण उष्णतेने विकराचा आकार मोडलेला असतो. स्टार्चच्या द्रावणात थोडी लाळ घालून दर दोन मिनिटांनी आयोडिनने तपासा. निळा रंग कधी येईनासा होतो ते पाहा. कुस्करलेल्या केळ्यात मीठ आणि भांडी घासायचे द्रावण मिसळून गाळून घ्या, त्यावर थंड अल्कोहोल अलगद ओता, आणि वर येणारे पांढरे तंतू काडीवर गुंडाळा. त्यात डीएनए आहे. भांड्यांच्या द्रावणाने तिथे नेमके काय केले, हे पटलाचे प्रकरण वाचलेल्या मुलाला न सांगता कळेल.

हा विषय पूर्ण झालेला नाही, हेही सुरुवातीलाच सांगितले पाहिजे. मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये प्रथिनाची साखळी कोणकोणत्या कोनांत वळू शकते याचा आलेख मांडला. जगभर आजही प्रथिनांच्या रचना त्यावर पारखल्या जातात. अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाचा आकार संगणकाने ओळखण्याच्या कामाला २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आकाराच्या प्रश्नात एवढी मजल मारली गेली आहे. जागेचा प्रश्न मात्र अजून खुला आहे. केंद्रकातल्या केंद्रकीला पटल नसते, असे वाक्य तुम्ही एका गुणासाठी लिहाल. पटल नसताना ती विरघळून का जात नाही, तिच्यातले रेणू एकत्र कसे राहतात? काही प्रथिने आणि आरएनए मिळून द्रवाचे थेंब बनवतात आणि थेंबासारखेच एकमेकांत मिसळतात, हे गेल्या पंधरा-वीस वर्षांतच स्पष्ट होऊ लागले आहे. पेशी पटलाशिवायही जागा तयार करते, पण त्या जागेत कोणाला घ्यायचे आणि कोणाला नाही हे कसे ठरते, यावर आज प्रयोगशाळांत काम चालू आहे. तुम्ही पदवीपर्यंत पोहोचाल तेव्हाही त्यातले बरेच प्रश्न शिल्लक असतील. त्यांना हात घालायला लागणारी तयारी याच दोन प्रकरणांत होते, आणि ती पाठांतराने होत नाही. प्रत्येक वाक्याला ‘कसे?’ विचारण्याची सवय या दोन वर्षांत लागली, तर हे पुस्तक लिहिण्याचे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.